घाट चढण्याआधी सायलेन्सर उघडावा

॥ श्रीहरिहरेश्वर प्रसन्न ॥

मी, आनंदीबाई महादेव मेहेंदळे, वय त्रेपन्न, मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. उलट लिहू नकोस असे माझा मुलगा हरी काल दोनदा म्हणाला. कारण असे की उद्या सकाळी सहाला आमची घरगाडी चौलच्या दत्ताच्या जत्रेला निघते आहे. वाटेत म्हसळ्यापुढचा घाट लागतो. त्या चढावर गाडीमागे मी पायी चालणार आहे. पुढचे देवाच्या हाती.

कलम पहिले. राहते घर हरीचे. वाडीतील पोफळी त्याच्याच, पाटाकडच्या दोन रांगा सोडून. त्यांचे पुढे सांगते. देव माझी सून सुचित्रा हिने सांभाळावेत. समईत एक वात पुरते, दोन लावू नयेत. माझ्या पाटल्या नात नलू हिला लग्नात द्याव्या, तोवर मोडू नयेत. ती आज पाच वर्षांची आहे.

कलम दुसरे, घरगाडी. ही लष्कराच्या लिलावातली जुनी डिझेल लॉरी. आमच्या घरच्यांनी, म्हणजे हरीच्या वडिलांनी, १९४९ साली घेऊन तिच्या पाठीवर लाकडी खोली बांधली. दोन बाक, स्टोव्ह, देवाची फळी, आणि फोटो धुवायला एक कोंदट अंधारी खोली. आठ महिने आम्ही जत्रांतून फोटो काढत फिरायचो, पावसाळ्याचे चार महिने घरी. गाडी आज माझ्या नावावर आहे, माझ्यामागे हरीची. चावी हरीच्या खिशात असते.

डिझेलची वही मी ठेवते. एका गॅलनला किती मैल, धूर कसला, कुठे अडली, सगळे तारखेसह. १९५७ च्या दसऱ्यानंतर गाडी चौदा मैलांवरून अकरावर आली. मग चढावर काळा धूर. मग नऊ मैल, आणि चढावर पहिल्या गिअरमध्येही रडू लागली. अंगणात मात्र चालू केली की गोड आवाज, जणू काही झालेच नाही. आमच्या गावचा मेकॅनिक भागोजी याने टाकीतले पाणी काढले, डिझेलचा फिल्टर बदलला, हवेच्या डब्यातले तेल नवे घातले, नोझल तपासून आणले. म्हणाला, "वयनी, येक येक करून समदं बघितलं. आता पंपच ऱ्हायला."

पंपापर्यंत वेळ आली नाही. त्याच मार्गशीर्षात, त्याच घाटात, तिसऱ्या वळणावर इंजिन दम सोडून बंद पडले. ब्रेक धरेना. मी नेहमीप्रमाणे लाकडी ठोकळा घेऊन मागे चालत होते. ठोकळा चाकाखाली नीट सरकवला. चाक त्याच्यावरून गेले. आमचे घरचे गाडीसकट खाली गेले.

गाडी झाडांना अडकली होती. दोरांनी वर ओढली, चेपलेला सायलेन्सर टाकून नवा बसवला आणि पुन्हा चौदा मैल देऊ लागली. नवे काय ते एवढेच होते. हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

यंदा दसऱ्यानंतर चौदाचे अकरा झाले. मग धूर. परवा नऊ.

जुन्या वहीशी ताडून पाहायला बसले, तर डिझेलच्या पानामागे माझेच अक्षर. पावसाळ्यात गाडी उभी करताना उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत मी नारळाची सोडणे, वरची काथ्याची साले, कोंबत असे. पत्र्याचे झाकण करा असे घरचे म्हणत. मी म्हणे, वाडीत सोडणे फुकट पडली आहेत. १९५७, ज्येष्ठ: घातली नऊ. भाद्रपद: काढली आठ. पुढची चार वर्षे पावसाळ्यात गाडी पडवीत होती, सोडणे लागली नाहीत. यंदा पडवी कोसळली, गाडी माडाच्या झापांखाली राहिली. घातली नऊ, काढली सात.

न निघालेले सोडण आत सायलेन्सरमध्ये सरकते आणि धूर कोंडून इंजिनाचा दम जातो. मोजून लिहिले आणि वाचले नाही. माझ्या पतीच्या मृत्यूचे कारण मी आहे असे मी येथे लिहून देते.

हरीला दाखवले. हसला. "आई, पहिल्या आठ मैलांतच राख झाली असेल त्यांची!"

"न्हाणीच्या चुलीत सोडण रात्रभर धुमसतं, सकाळी तसंच निघतं. तुझ्या नळीत कसं जळेल?"

"तो गंजलेला सायलेन्सर एकदा कापला की पुन्हा जोडता येत नाही. नवा मुंबईहून यायला पंधरा दिवस. जत्रा काय थांबते? नोझल नवे आहेत, अंगणात ऐक कशी गाते ती."

अंगणात ती तेव्हाही गात होती.

म्हणून अट: सायलेन्सर कापून आत पाहिल्याशिवाय गाडी घाटावर नेल्यास हरीचा तिच्यावरचा हक्क संपेल आणि ती माझे दीर दादूभावजी यांना जाईल. ते ती दुसऱ्या दिवशी भंगारात घालतील. घालावी.

कलम तिसरे. दादूभावजींना याहून काही नाही. भागोजीने दारूच्या नशेत काम केले असे त्यांनी तेराव्याच्या पंक्तीत उठवले. भागोजी माळकरी आहे हे मला माहीत होते, आणि मी जेवण वाढत राहिले. पाच वर्षे गावाने त्याच्याकडे गाडी नेली नाही. पाटाकडच्या पोफळींच्या दोन रांगा भागोजीच्या. माफी वेगळी, ती त्याच्या तोंडावर मागेन.

वाचून दाखवल्यावर घातलेली भर. आज संध्याकाळी हे सर्वांसमोर वाचले. भागोजी पायरीवर बसला होता. मी हात जोडले तर म्हणाला, "पाच वर्सं मी सवताला इचारतोय वयनी, काय ऱ्हायलं व्हतं माझ्या हातनं." मग हरीकडे वळून, "चावी दे. आत्ता कापतो."

हरी उठून गाडीत गेला, नलूची गादी गुंडाळून आणली आणि माजघरात माझ्या अंथरुणाशेजारी ठेवली. चावी दिली नाही. सुचित्राची ट्रंक काढायला गेला तेव्हा सुचित्रा ट्रंकेवरच बसून राहिली. "मला उतरवायचं तर गाडीही इथेच राहू द्या," एवढेच म्हणाली.

हे लिहिते आहे तेव्हा दोघेही गाडीतच आहेत. नलूने विचारले, आपण का नाही जायचे. तिला झोपवले आहे.

वरील मजकूर माझा, मला मान्य.

सही: आनंदीबाई महादेव मेहेंदळे

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
१. तुळशीराम विठू पाटील, पोस्टमन
२. गुणाजी रामा चोगले, शेजारी

मुक्काम श्रीवर्धन, गुरुवार, तारीख ६ डिसेंबर १९६२