उजव्या पायाला तेल नको

आई,

काठी दारामागे दिसेल, घाबरू नका. कोपऱ्यावर मेथी आणायला गेलेय, एकटीच. लगेच तुमच्या ललितला फोन करू नका.

काल त्या पाऊल उचलायच्या विजेच्या यंत्राच्या पट्ट्या पायावरून निसटत होत्या आणि तुम्ही म्हणालात, ह्यात काही अर्थ नाही. तुम्ही रोज सकाळी सटाण्याचं घाण्याचं तेल चोळता ना, त्यावर त्या चिकटत नव्हत्या.

आज साबणाने पाय धुतला नि पट्ट्या लावल्या. टाच उचलली, नडगीवर मुंग्या आल्या आणि इतकी वर्षं फरफटणारं पाऊल आपणहून वर आलं. उंबरठ्याला अंगठा लागला नाही. खरं वाटेना, म्हणून आत येऊन पुन्हा ओलांडला. रोज पाय लागला की नमस्कार करते, आज लागला नाही तरी वाकून केला.

यंत्र काढलं की पाऊल पुन्हा पडतंच. नसांचा हा आजार, एमएस, काही बरा झालेला नाही, ठाऊक आहे मला.

तर उद्यापासून उजव्या पायाला तेल नको. वाटी मात्र उचलून ठेवू नका. मेथी निवडून झाली की तुमच्यापुढे बसते, डोक्याला लावा.

उज्वला