तेरावा माणूस

१७ नोव्हेंबर, तैशो सम्राटाचे आठवे वर्ष

आलो एकदाचा. बंदरापासून दोन दिवसांची पायपीट झाली, टाचांना फोड आले, पण सासरचं दार दिसलं आणि सगळं विसरलो. लोक लग्न करून बायको घरी आणतात, मी स्वतःलाच बायकोच्या घरी आणून पोहोचवलं. घरजावई. आमच्या बंदरावर हा शब्द कोणी हसल्याशिवाय उच्चारत नाही. हसोत बापडे. नावा बांधणाऱ्याच्या तिसऱ्या मुलाला थोरल्याच्या घरात एक कोपरा मिळतो, इथे मला पुढेमागे चूल, जमीन आणि आडनाव मिळणार आहे.

सासरे गेन्पाची हे गावातल्या बारा शिकाऱ्यांचे म्होरके. बोलतात कमी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दंड दाबून पाहिले, दात बघायचे तेवढे राहिले. मी आणलेल्या सुक्या ओकोझे माशांच्या माळेवर मात्र सगळे खूश झाले. हा मासा इतका कुरूप की बंदरावर तो कोणी फुकट नेत नाही. शेजारचे किहेईआजोबा, टोळीतले सर्वांत म्हातारे, म्हणाले की डोंगराची बाई, म्हणजे इथली देवी, स्वतः फार कुरूप आहे, तिला आपल्यापेक्षा वाईट चेहरा दाखवला की तिचा राग उतरतो. मी म्हटलं, मग मासे कशाला, मलाच दाखवा. सगळे हसले, सासरे सोडून.

बायको, तोसे, माझ्या पायांपाशी येऊन बसली. तिने कसलासा पाला वाटून माझ्या फोडांवर लावला. तिचे हात गरम होते.

१० डिसेंबर

दार अर्धं बर्फात बुडालं आहे. शेणामातीची कामं संपली, म्हणून तोसेला अक्षरं शिकवायला बसलो. चुलीतली राख पाटावर पसरायची आणि बोटाने गिरवायचं. तिला सगळी अक्षरं नकोत. तिने चार निवडली, आठ दिवस तीच गिरवली आणि थांबली. तुझं नाव तरी लिहायला शीक, म्हटलं तर म्हणाली, "माझं राहू दे. एवढी आली की पुरे." 'सु'ची शेपटी ती दर वेळी उलटीकडे वळवते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही.

मी सगळ्यांना आवडतो, असं वाटतं. फक्त एक आहे. तोसे मला "अहो" म्हणते, घरचे "जावईबापू" म्हणतात, गाव "गेन्पाचींचा जावई" म्हणतं. आई गेल्यापासून यासाकू म्हणून मला कोणी हाक मारलेली नाही. इथे तरी कोणी मारेल असं मनात होतं. असो, वेळ लागतो.

१६ जानेवारी

आनंदाची गोष्ट आधी लिहितो. तोसेला दिवस गेले आहेत. सासऱ्यांनी देवापुढे दिवा लावला आणि पहिल्यांदा माझ्या पेल्यात स्वतः साके ओतली.

दुसरी गोष्ट, मला डोंगरात नेणार आहेत. त्यासाठी महिनाभर परसात बर्फाची खोली करायला शिकतो आहे. तिथे चार-पाच दिवस राहायचं तर दुसरं घर नाही. ही खोली बांधायची नसते, कोरायची असते. आधी साठलेल्या बर्फात काठी खुपसून बघायची. सारख्या जोराने आत गेली तर बर्फ घट्ट, मधेच सुळकन गेली तर आत पोकळी, तिथे हात लावायचा नाही. दार खाली ठेवायचं आणि झोपायचा ओटा वर, कारण ऊब वर चढते. छत तळहाताने घोटून गुळगुळीत करायचं, एखादं टोक राहिलं की ते नेमकं कानात ठिबकतं. छताला मुठीएवढं भोक, त्यात काठी, आणि ती अधूनमधून हलवायची. मेणबत्ती मंदावली तर समजायचं की हवा संपत आली.

माझी पहिली खोली माझ्यावरच बसली. सासऱ्यांनी पाय धरून बाहेर ओढलं आणि म्हणाले, "जावईबापू, नाव उलटी केलीत की काय?" दुसरी टिकली. तिसरी त्यांनी आत जाऊन, पाठीवर पडून पाहिली. हात चांगला आहे, म्हणाले. इतकं कौतुक मला बापानेही कधी केलं नव्हतं. मला रडू आलं, ते थंडीवर ढकललं.

२ फेब्रुवारी

उद्या निघायचं. तीन वर्षांत डोंगरातून एक रानबोकड मिळालेला नाही, घरोघरी कोंड्याची पेज चालू आहे. यंदा रिकाम्या हाताने परतणं परवडणार नाही.

आज कळलं की माझ्यावाचून त्यांचं अडलं आहे. डोंगराच्या बाईला बारा मुलं. बारा माणसं गेली की ती आपलीच पोरं समजून त्यांना ठेवून घेते. शिकारी आहेत बारा, म्हणून तेरावा हवाच. याआधी तेरावा कोण होता, असं मी विचारलं. सासरे म्हणाले, "होता एक. टिकला नाही."

डोंगरात घरचं नाव घ्यायचं नसतं, तिथे प्रत्येकाला वेगळं नाव असतं. मला मिळालं सानसुके. साधंच आहे, आमच्या बंदरावर दोन सानसुके आहेत. पण सासऱ्यांनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवून ते दिलं, तेव्हा वाटलं, आता झालो मी इथला.

तोसेने नवा जाड कोट शिवला आहे. गळपट्टी दुहेरी आहे. देताना तिने मान वर केली नाही.

५ फेब्रुवारी

डोंगरात. पायथ्याशी माझा चाकू काढून घेतला. नव्या माणसाने लोखंड बाळगायचं नसतं म्हणे. मी बोलायचं नाही आणि हाक आली तरी ओ द्यायची नाही, हाही नव्या माणसाचा नियम. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच आहे. म्हणून सगळं इथे लिहितो, लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

चार खोल्या कोरल्या. तीन चार-चार जणांच्या, एक माझी एकट्याची. ती मी एकट्याने कोरली, सासरे बाहेर उभं राहून सांगत होते. भिंत जाड ठेव. भोक मुठीएवढं नको, दोन बोटांचं पुरे. बाकीच्यांची दारं दरीकडे, माझं शिखराकडे. खुणेने विचारलं, तर किहेईआजोबा दुसरीकडे बघू लागले.

माझी खोली सगळ्यांत सुबक झाली आहे. छतावर एक ओरखडा सापडणार नाही.

७ फेब्रुवारी

दोन दिवसांत सहा रानबोकड. असं कोणाच्या आठवणीत नाही.

रोज सकाळी सासरे काठी टेकवत माणसं मोजतात. दहा, अकरा, बारा, आणि माझ्यापाशी आले की "सानसुके". तेरा म्हणत नाहीत. थोडं लागलं मनाला. पण दुसरीकडे मान असा की पहिला वाडगा माझ्यापुढे येतो आणि तो ठेवला की बाकीचे हात जोडतात. मी खायला लागलो की सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहतात. काल मी घास गिळताना एकाने माझ्या गळ्याला हात लावून पाहिला.

शिकारीला मला नेत नाहीत. मी खोलीत बसून असतो. आज दिवसभर वर कोणीतरी चालत होतं, छताच्या वर. बाहेर येऊन पाहिलं तर बर्फावर माझ्याच पावलांखेरीज काही नव्हतं.

९ फेब्रुवारी

सगळे झोपले आहेत, मेणबत्तीवर लिहितो.

गळपट्टी ओली होऊन मानेला घासत होती. काहीतरी टोचत होतं म्हणून उसवली. आत पांढऱ्या कापडाची पट्टी आहे. तिच्यावर शाईने चार अक्षरं. सानसुके. 'सु'ची शेपटी उलटी.

हे नाव मला मिळालं २ फेब्रुवारीला. ती ही अक्षरं डिसेंबरात गिरवत होती. मी तिच्याशेजारी बसून तिचं बोट धरून गिरवत होतो. मीच शिकवलं तिला. म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. तिला दिवस गेल्याचं कळायच्याही आधीपासून.

काय माहीत होतं, हे अजून मला माहीत नाही. पण पोर राहिलं, वंशाची सोय झाली, घरजावयाचं काम संपलं, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. उजाडलं की निघतो, अंधारात वाट सापडणार नाही. तिने फोडांना पाला लावला होता. ते तरी खरं होतं का?

१० फेब्रुवारी

जाग आली तेव्हा दार बंद होतं. बर्फाची लादी लावून वर पाणी ओतलंय, गोठून एकजीव झालंय. काठी वरून उपसून घेतली आहे. फावडं नाही. मी नियम मोडून ओरडलो. बाहेर माणसं होती, बोजे बांधल्याचे आवाज येत होते. मोजणीही ऐकली. बारापर्यंत. पुढे काही नाही.

बाकीची पावलं गेल्यावर किहेईआजोबा भोकापाशी आले. डोंगरात गावची बोली बोलायची नसते, पण ते गावच्या बोलीत बोलले. शब्द न शब्द उतरवतो.

"पोरा, सानसुके म्हणजे माणूस नाही रे. लाकडाचं बाहुलं असतं. त्याला तेरावा म्हणून आणायचं, पहिला घास दाखवायचा आणि जाताना तिच्यासाठी इथं ठेवून जायचं. माझ्या आज्यापासून चालत आलंय. तीन वर्षं झाली, तिला लाकूड चालत नाही. दर वसंतात ओढ्याच्या पाण्यातनं बाहुलं वाहत गेन्पाचीच्याच दारात येतं. मग म्हातारे म्हणाले, श्वास असलेला द्या."

मी विचारलं, तोसेनेही हो म्हटलं का.

"बाहुल्यावर नाव घरच्या बाईनं घालायचं असतं. दुसऱ्या कोणी घातलं तर चालत नाही." मग त्यांनी तोंड भोकाला लावलं. "हाक येईल. ओ देऊ नकोस. तिला वाटलं पाहिजे, हेही लाकूडच. मग ती तुला परत पाठवेल. ओढ्यानं का होईना."

दार फोडा, म्हणून विनवलं. माझी नातवंडं उपाशी आहेत, म्हणाले. रडत होते. रडतच गेले.

११

वाडग्याने खणतो आहे. हातभर गेलो. भुसभुशीत बर्फ संपला, पुढे काचेसारखं गोठलेलं लागतं. भिंत जाड ठेव म्हणाले होते आणि मी ठेवली. हात चांगला आहे माझा.

तोसे, तू सांगितलं असतंस तर मी पळालो असतो. तुझं नाव कोणाला सांगितलं नसतं. एवढंच —

दिवस कोणता ते —

भिंत निळी. म्हणजे बाहेर उजेड. उजव्या हाताची बोटं लागत नाहीत, डाव्याने लिहितो. मेणबत्ती मंद.

वर कोणीतरी आहे. चालणं नाही, जड काहीतरी सरकतंय. भोकातून ओल्या केसांचा वास —

मोजतेय. बाईचा आवाज. सावकाश. एक, दोन — बारापर्यंत. थांबते. पुन्हा पहिल्यापासून.

लाकूड. मी लाकूड आहे. श्वास हळू —

यासाकू, म्हणाली.

कोणी सांगितलं तिला? या डोंगरात माझं नाव कोणी घेतलंच नाही. तोसेचा आवाज नाही. तोसेने कधी —

पुन्हा. यासाकू. राग नाही आवाजात. घाई नाही.

ओ दिली नाही तर यंदाच्या नाहीतर पुढच्या वसंतात त्यांच्या दारात. ते बाहेर येतील, बघतील. सानसुके आला, म्हणतील. तोसे पोराला कडेवर घेऊन उभी असेल. पोर बोट दाखवेल आणि ती सांगेल, काही नाही, लाकूड आहे ते —

नाही.

त्या बारांपैकी एकानेही. तीन महिने एका चुलीवर जेवलो, एकानेही नावाने — आणि ही —

यासाकू.

ओ दिली. मोठ्याने दिली. आहे, म्हटलं, मी आहे इथे, आत.

वर शांत झालं. मग पुन्हा मोजणं. भराभर. दहा, अकरा, बारा —

तेरा म्हणाली. तेरा. मला मोजलं तिने. भिंत आतल्या बाजूला येते आहे, हात दिसतो आहे, केवढा