निळ्या पिशवीला पुरी-भाजी

अण्णा,

शुक्रवारी माझा प्रोग्राम चालला. आधी हे सांगते, बाकीचं सावकाश. सगळ्या गाड्यांनी एकदम फोटो पाठवले, जिचे तिचे फोटो जिथल्या तिथे येऊन बसले, आणि मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून एकटीच हसत होते. समोरच्या टायरवाल्यानं हात केला, मीही केला. त्याला काय माहीत ही बाई कशाला हसते आहे.

मी कुठून बोलते आहे ते तुम्हाला कळायचं नाही. न्यूझीलंड, अण्णा, नकाशाच्या पार खालच्या कोपऱ्यात. ख्राइस्टचर्च नावाचं गाव आणि त्याच्या कडेला हॉर्नबी, आपल्याकडची एमआयडीसीच समजा. आमची कंपनी छोटी. आमच्या गाड्या लांबलांबच्या गावांत जाऊन लोकांच्या डोळ्यांच्या आतले फोटो काढतात आणि ते नेटवर्कवरून इथल्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवतात. गाड्यांतली यंत्रं जुनी, त्यांना सी भाषाच लागते, आणि ऑफिसात सी येणारी मी एकटी. मी कॉलेजातून घरी येऊन सी शिकते आहे म्हटलं, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "ए आणि बी झाल्या का शिकून?" ते सांगून मी अख्ख्या हॉस्टेलला हसवलं होतं.

मधली बरीच वर्षं मी इथल्या सुपरमार्केटात शेल्फं भरली. काम वाईट नव्हतं, पण चाळिशी उलटल्यावर आपल्याला परत कोणी इंजिनियर म्हणून घेईल ही आशा मी सोडूनच दिली होती. यांनी घेतलं, पण ट्रायलवर. आणि ट्रायल संपायच्या तोंडावर घोळ झाला. एकच गाडी फोटो पाठवत असली की सगळं छान. दोन गाड्या एकाच क्षणी आल्या, की एकीचे फोटो अर्धे या फायलीत अर्धे त्या फायलीत, आणि दुसरी नुसती ताटकळत. बरं, तेही दर वेळी नाही, कधीतरी. कधीतरी होणारी चूक शोधायची म्हणजे डोक्याला ताप. त्यात हे लोकांचे डोळे, गंमत नव्हे. आमची मॅनेजर शांत बाई आहे. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर रेडीमेड विकत घेऊ." रेडीमेड घेतल्यावर माझी गरज काय, हे ती बोलली नाही. न बोलताच मला कळलं.

रविवारी दुपारी मी डायनिंग टेबलावर बसून माझाच कोड मोठ्यानं मराठीत वाचायला लागले. लेक टोस्ट घेऊन चालली होती, ती थांबली. "आई, यू आर टॉकिंग टू युवर लॅपटॉप." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना समजावून सांगते आहे." "ओके," म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं. शहाणी आहे. मी सांगत होते की अण्णा, गाडी दारात आली की मुख्य प्रोग्राम तिला आत घेतो आणि एका थ्रेडच्या हवाली करतो. थ्रेड म्हणजे आपला वाढपी. प्रत्येक गाडीला स्वतःचा वाढपी, म्हणजे एकीपायी दुसरीचा खोळंबा नको. आता या वाढप्याला मी काय सांगते? तर, "आत्ता आली तिला वाढ." आणि हे तोंडातून गेलं मात्र, तुमचा आवाज कानात वाजला.

"आत्ता म्हणजे कधीचा आत्ता?"

मी गल्ल्यावर बसले आहे. बारावीची परीक्षा संपलेली, बार्शीचं स्टँड, समोर आपलं हॉटेल, आणि दोन एसट्या एकदम लागलेल्या. मांडीवर निळी पिशवी घेऊन एक म्हातारा बसतो. मी वाढप्याला ओरडून सांगते, "आत्ता आला त्याला पुरी-भाजी." तो ताट घेऊन वळेपर्यंत शेजारी एक कंडक्टर येऊन टेकतो. दुसऱ्या वाढप्यालाही मी तेच सांगते, आत्ता आला त्याला पुरी-भाजी. दोन्ही ताटं कंडक्टरपुढे. तोही असा बेरकी, की दोन्ही खाऊन मोकळा. म्हातारा बिचारा रिकाम्या टेबलाकडे बघतो आहे. गाडीचा हॉर्न वाजतो तसा तो उपाशीच उठतो, आणि तुम्ही कागदात पुऱ्या गुंडाळून धोतर सावरत पळता आणि खिडकीतून त्याच्या हातात कोंबता. परत आलात ते धापा टाकतच. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला म्हणालात, "आत्ता म्हणजे कधीचा आत्ता? तू बोललीस तेव्हाचा, का त्यानं ऐकलं तेव्हाचा? माणूस दारात आला की त्याच्या अंगावरचं काहीतरी बघ, तेच त्याचं नाव. निळ्या पिशवीला पुरी-भाजी. मग मागून पन्नास येईनात का." मला इतका राग आला होता तुमचा, की रात्री मी जेवले नाही.

कोडात मी तंतोतंत तेच करून ठेवलं होतं. सगळ्या वाढप्यांना मी एकाच पाटीकडे बोट दाखवत होते, आणि ते वळून बघेपर्यंत पाटीवरचं नाव पुसून मीच दुसरं लिहिलेलं असायचं. मग दोघे एकीलाच वाढणार, दुसरं काय होणार? मी येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी मेमरीचा वेगळा तुकडा काढला, तिचा नंबर त्यात लिहिला आणि तोच तुकडा तिच्या वाढप्याच्या हातात दिला. दोन-चार ओळींचं काम. त्या तुकड्याला काहीतरी नाव द्यावं लागतं. विचार न करताच मी टाइप केलं, निळी पिशवी.

शुक्रवारी सगळ्या गाड्या आवारात बोलावल्या. एकदम पाठवा म्हटलं, परत पाठवा, परत. दुपारपर्यंत आम्ही ड्रायव्हरांना पिडलं. एक फोटो इकडचा तिकडे झाला नाही. मॅनेजर म्हणाली, "स्वीट ॲज." इथे हे पैकीच्या पैकी मार्कांसारखं आहे. वर म्हणाली, ट्रायलचं आता विसर. अण्णा, मला माझाच एवढा अभिमान वाटला, की कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि कुणाला लावायचा तेच कळेना.

त्याआधी मंगळवारीच कोड तपासताना तिनं विचारलं होतं, "व्हॉट्स निली पिश्वी?" मी घसा साफ करून सांगून टाकलं, मराठीतला टेक्निकल शब्द आहे. आता सगळी टीम तो वापरते. काम झालं की मेमरी परत करावी लागते, तर माझ्या शेजारचा दाढीवाला पोरगा गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "डिड यू फ्री द निली पिश्वी?" मी म्हणते, हो बाबा, केली.

इंजिनियरिंगला निघाले त्या दिवशी मी सवयीनं कुणाचं तरी ताट उचललं, तर ते तुम्ही हातातून काढून घेतलंत. म्हणालात, "हॉटेलातलं काही बरोबर नेऊ नकोस. तिकडं कुणाला सांगूही नकोस." मी तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, त्यामुळे यावर आपलं भांडण व्हायचं राहूनच गेलं. तुम्हाला वाटलं होतं हॉटेलाच्या वासानं माझं अडेल. उलट त्यानंच निभावलं, अण्णा. पहिलं मी ऐकलं नाहीच, आणि दुसरं सोमवारी मोडणार आहे. टीमला पुरी-भाजी नेते आहे. ती खाऊ घालून निळी पिशवी कुणाची ते सांगणार.

हे पत्र कुठे टाकणार, लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवते. फक्त एक आहे. भटारखान्यात तुम्ही मला कधी पाऊल टाकू दिलं नाहीत, आणि सकाळपासून दोन घाणे झाले, माझ्या पुऱ्या काही फुगत नाहीत.