लेमनचा चौथा अर्थ

९ नोव्हेंबर, शनिवार

चि. बंधुराजांस,

आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने नवं मशीन घेतल्यापासून दुपारची झोप गेली. खुशाली एवढीच. आता कामाचं.

अण्णांच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती काढतोयस, त्यातलं 'लेमन'चं पान नमुना म्हणून पाठवलंस आणि वर लिहिलंस, "ताई, बघ कसं झालंय." बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोष चष्म्याचा नव्हता.

पहिला अर्थ लिंबू, फळ आणि झाड. इथवर तुला जमलंय, अभिनंदन. दुसरा, फिकट पिवळा रंग. उदाहरण काय, तर 'दिवाणखान्यास लेमन रंगाचे पडदे शोभून दिसतात.' असं कोण बोलतं रे? तुझ्या घरी बोलतात? तिसरा, लिंबाचा स्वाद किंवा सरबत. ठीक. मग मध्येच 'लेमन सोल' घुसवलंस आणि अर्थ दिलास 'लिंबू पिळून खाल्ला जाणारा मासा'. अरे, त्या माशाच्या नावाचा लिंबाशी काडीचा संबंध नाही, ते बहुधा फ्रेंचमधून आलंय. या हिशेबाने 'हॉट डॉग'खाली काय दिवे लावणार आहेस तेही कळव. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंस म्हणे. त्या पोरांचं काय झालं असेल देव जाणे.

पाचवा अर्थ, फजिती झालेला माणूस. 'सगळ्यांसमोर उभा राहून मला लेमन झाल्यासारखं वाटलं.' हे वाक्य मात्र जिवंत आहे. अनुभवाचं असावं.

अण्णांचा नियम तुझ्या डोक्यातून साफ गेलेला दिसतो. कोशात बनवलेलं वाक्य घालायचं नाही. कोणीतरी खरोखर बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलंच घालायचं, मराठीत बोललं असेल तर त्यात तो इंग्रजी शब्द बसवून. समोरचा माणूस दाढदुखीने कळवळत असला तरी ऐकता ऐकता अण्णांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जायचा. लोक वैतागायचे, पण म्हणून तर तो कोश वाचताना माणसं बोलल्यासारखी वाटतात. तुझं पान वाचताना दुकानाची पाटी वाचल्यासारखं वाटतं.

चौथ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. दोनदा चहा केला, खिडक्या पुसल्या. जमलं नाही, लिहिते.

चौथा अर्थ, मोठ्या भरवशाने घेतलेली आणि बिघडकी निघालेली वस्तू. जुन्या आवृत्तीत तिथे वाक्य आहे, 'तिचं लग्न लेमन निघालं.' ते काढून तू घातलंस, 'नवीन यंत्र लेमन निघाले.' कसलं यंत्र? कोणाचं? आणि खाली पांडित्य, की अमेरिकेत खराब निघालेली गाडी कंपनीला परत घ्यायला लावणाऱ्या कायद्याला 'लेमन लॉ' म्हणतात. गाडी परत करता येते हे तुला छापायचंय. बहीण परत आली हे मात्र नाही.

वर मखलाशी, की "ताई, तुझ्या भल्यासाठीच काढलं." माझं भलं? तुझ्या लेकीचं लग्न ठरलंय आणि तिच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कपाटात हा कोश आहे, हे तुझ्या बायकोने मला फोनवर सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, तेवढा एक गुण तिच्यात आहे. तेव्हा भल्याचं नाटक पुरे.

ते वाक्य अण्णांनी रचलं असं तुला वाटतं का? की आठवतंय आणि मूग गिळून बसलायस? मी बॅग घेऊन परत आले ती दुपार. नवरा दाराला आतून कडी घालून मला जिन्यात बसवून ठेवायचा, शेजारी माझ्या अंगावरून पाय टाकून वर जायचे, हे मी तुम्हा दोघांना टेबलाशी बसून सांगितलं. अण्णा 'त्याचा स्वभाव...' एवढं म्हणून त्या शब्दावरच अडकले. तू तर नुकताच नोकरीला लागला होतास, तोंड वर करून मला सांगत होतास की ॲडजस्ट करावं लागतं, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं. मी उठून बॅग पुन्हा उचलली होती. खरंच उचलली होती.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली, हात ओले. तिला इंग्रजी येत नाही असं आपण सगळे धरून चाललो होतो. पण कोशाची प्रुफं अण्णा स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचे, ते काय भिंतींना? ती भाजी चिरता चिरता ऐकायची. त्या आठवड्यात 'एल' चालू होता.

"तुम्ही दोघं शब्दांचा कीस पाडत बसा," ती म्हणाली. "पोरीचं लग्न लेमन निघालंय. बदलून मिळत नाही, तर परत करायचं."

आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली. जावयाबद्दल वावगा शब्द मराठीत तिने कधी काढला नव्हता, पुढेही काढला नाही. पण त्यानंतर मला परत जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. तुझीही नाही.

अण्णांचा हात खिशाकडे गेला होता. तो त्यांनी तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "घेऊ का ते वाक्य? तुझी हरकत असेल तर नको." मी म्हटलं, घ्या. एवढ्या जाडजूड कोशात हेडमास्तर आहेत, डॉक्टर आहेत, पोस्टमन आहे. आईचं तेवढं एकच वाक्य आहे. ते काढून तू तिथे यंत्र बसवलंस, आणि मला म्हणतोस, बघ कसं झालंय.

तेव्हा ते वाक्य होतं तसं जागेवर ठेव. ठेवायचं नसेल तर मुखपृष्ठावर अण्णांच्या खाली माझं नाव घालायचं म्हणतोयस, ते गाळ. आईला हाकलून दिलेल्या घरात मी राहत नसते.

आणि व्याह्यांची काळजी तू करू नकोस. एका वाक्याला घाबरून ते मागे फिरले, तर पोरीला पुढे बॅग घेऊन यावं लागणार नाही. परवा तिचाच फोन आला होता. जुना कोश चाळत होती. "आत्या, ही 'तिचं' म्हणजे कोण गं?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "पुन्हा एकदा सांग, आजी काय म्हणाली ते."

सांगितलं. आता तिला पाठ आहे. तुझ्या आवृत्तीत असो वा नसो.

चौथ्या अर्थातून परत आलेली,
तुझी ताई