वीस वॉटचा ॲम्प्लिफायर

क्लातेन, ३ मार्च २००४

चि. विनार्तीस अनेक आशीर्वाद.

मी आणि तुझी आई, इबु, खुशाल. स्पीकरमधला वरचा छोटा ट्विटर पुन्हा जळाला. माझा ॲम्प्लिफायर वीस वॉटचा, स्पीकर साठचे. लहानाने मोठ्याला जाळलं कसं? तू दुरुस्तीच्या दुकानात बसतेस, तूच सांग. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी गामेलान वाद्यवृंदाची कॅसेट पुटपुटल्यासारखी वाजते. चांगला शंभर वॉटचा पाठव. तब्येतीला जप.

तुझा बाप,
सुकार्मान

सुराबाया, १२ मार्च

ती. बापाक यांस सा. न. वि. वि.

लहानानेच जाळलं. वीस वॉटच्या ॲम्प्लिफायरला शेवटपर्यंत पिळलं की त्याचा दम संपतो, आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजाचा मार ट्विटरवर बसतो. साठच्या स्पीकरला सत्तरचा लावून बटण अर्ध्याच्या खाली ठेवलं, तर काही होत नाही. शंभरचा मात्र पाठवणार नाही. तुम्ही तोही पिळाल, मग अख्खा स्पीकर जाईल.

पण आपल्या एवढ्याशा खोलीत वीस वॉटनेही कान किटायला हवेत. इबुला कसं ऐकू येतं, ते तिलाच लिहू दे. रागावू नका, आशीर्वाद असू द्या.

तुमची विनार्ती

क्लातेन, २० मार्च

विनार्ती बाळास आशीर्वाद.

कसं ऐकू येतं म्हणून काय विचारतेस! कानात कापूस घालून मी मागच्या अंगणात टेंपेच्या वड्या तळते. शेजारची सुमियाती विचारून गेली, घरात लग्न काढलंय का म्हणून. ह्यांना हाक मारून उपयोग नाही, खांदाच हलवावा लागतो.

गामेलानचं मंडळ पाठदुखीमुळे सोडलं म्हणाले ना, ते खरं नव्हे. सारोनच्या पट्ट्या वाजवताना ढोल ऐकू येईना, ठोके चुकायला लागले. मी पाहिलं होतं, पण बोलले नाही. तुझं पत्र वाचून घडी घालून उशीखाली ठेवलंय. मी काही म्हटलं की खेकसतात. तूच ये गं.

तुझी इबु

क्लातेन, २ मे

चि. विनार्तीस आशीर्वाद.

तू ॲम्प्लिफायर घेऊन आलीस आणि तो जोडायच्या आधी मला सोलो शहरात कानाच्या डॉक्टरकडे नेलंस. वाटेत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, ते मनात ठेवू नकोस.

कानातल्या यंत्राचा सुरुवातीला फार वैताग आला. ताटं, चपला, कोंबड्या, सगळा कलकलाट. दोनदा काढून फेकलं, दोनदा तुझ्या आईने शोधून आणलं. स्पीकर शाबूत आहेत. तू खूण केलीस त्याच्याही खाली बटण असतं.

गुरुवारी मंडळात गेलो. आधी ढोलवाल्याशेजारी नुसता बसलो. त्याची थाप कुठे वळते ते कळायला लागलं, तेव्हा सारोन पुढे ओढलं. ठोके चुकले, बरेच चुकले. पण उठलो नाही. येत्या गुरुवारीही जाणार आहे.

सवडीने दोन ओळी लिहीत जा.

तुझा बाप