हिला कोणी घासलं?

गुरुवार, १७ सप्टेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. इकडे आम्हीही ठीक. आईंनी सकाळपासून मला दोनदा वेड्यात काढलंय, तेव्हा त्यांची तब्येत उत्तम आहे.

तुमचा निरोप मिळाला. पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो जुन्या वस्तूंचा व्यापारी येणार, मी आईंना बागेत फिरवून आणायचं आणि तेवढ्यात तुमच्या बंधुराजांनी आईंनी जमवलेले कपाटातले सगळे सुऱ्या-चाकू त्याच्या हवाली करायचे. बेत चोख आहे. फोनवरच बोलले असते, पण आईंचे कान तुम्हाला ठाऊक आहेत. शिवाय, रागावू नका, फोनवर तुम्ही माझं दुसरं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही.

आधी हे लिहून टाकते की ते कपाट रिकामं झालं तर सगळ्यांत जास्त सुख मलाच होईल. तुम्ही वर्षातून चार दिवस येता. इथे बारा महिने माझ्या स्वयंपाकघरात शिवणयंत्राच्या तेलाचा वास असतो. पोळीला येतो, चहाला येतो, परवा माझ्या केसांना आला. घरात मऊ सुती कापड म्हणून उरलेलं नाही. तुमच्या भावाचे मोजे तर विचारूच नका. प्रत्येक सुरीला एक मोजा, तेलात भिजवून पिळलेला. चामड्याच्या म्यानात ठेवलं की ओल धरते म्हणे, म्हणून मोजे. ऑफिसला निघताना ते पलंगावर बसून ओरडतात, "आई, माझा डावा मोजा?" आतून उत्तर येतं, "खलाशी घालून बसलाय."

खलाशी म्हणजे तो घडीचा चाकू, दोर कापायचा. माळी म्हणजे वाकड्या पात्याचा. जो ज्याच्या हातातला, त्याचं नाव. मागे नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आईंनी चहाच्या टेबलावर मांडलेला तो सगळा जथा बघून पान्हा तिथेच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी पान्हा न्यायलाही बायकोला पाठवलं त्यानं.

आणि "काळी". तिच्याबद्दल लिहायचंच आहे, पण जरा दमानं.

मागच्या खेपेला तुम्ही आईंच्या अंगठ्याची पट्टी पाहिलीत आणि तिथून हे सगळं सुरू झालं, हे मला कळतं. मुलीचा जीव आहे, तुटणारच. पण तो अंगठा सुरीनं कापला नव्हता. डब्याच्या पत्र्याच्या झाकणानं कापला. तुम्ही विचारलंत तेव्हा आई म्हणाल्या, "सुरीनं, दुसरं काय," आणि मी गप्प बसले. तेव्हा मलाही कळलं नव्हतं की झाकणाचं नाव घ्यायला ही बाई एवढी का कचरते.

आता उन्हाळ्यापासूनचं सांगते. आई सुऱ्या शोधायला जुन्या बाजारात जायच्या बंद झाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. मग मला पाठवू लागल्या. मी काय आणणार, कप्पाळ? एकदा आणलेल्या चाकूच्या मुठीला त्यांनी नुसतं बोट लावलं आणि म्हणाल्या, "हाड नाही हे, प्लॅस्टिक आहे. तुला कोणीही फसवेल, म्हणून तर आमच्या घरात पडलीस." वर पात्यावरचा शिक्का मलाच वाचायला लावायच्या. मी म्हटलं, चष्मा कुठाय? तर म्हणे, तुझं वाचन सुधारायला हवं.

मग खलाशावर गंज दिसला. तांबडा, मोहरीएवढे ठिपके. नंतर माळ्यावर. ताई, ओला चमचा खणात ठेवला म्हणून लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मला रडवणारी ही बाई. मला वाटलं, कंटाळल्या. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. चला, सुंभ जळाला आणि पीळही गेला. पण गंज बघून हात स्वस्थ बसेनात. आई दुपारी आडव्या झाल्या की मी कपाट उघडायची, ठिपके घासून काढायची, तेलाचा हात फिरवायची, होतं तसं मोज्यात घालून ठेवायची. जिनं आयुष्यभर या सुऱ्यांना शिव्या घातल्या ती चोरून त्यांची सेवा करते आहे, हे कोणाला सांगणार?

आणि त्याच भरात एके दुपारी मी काळी घासली.

तुम्हाला ती माहीत आहेच. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली, आईंनी तीस वर्षं हातात धरलेली. स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा सगळ्यांना शाल मिळाली, आईंनी शाल परत करून ही सुरी मागून घेतली. बाकीच्या साऱ्या हिच्या मागून आल्या. भाज्यांचे, फळांचे रस पिऊन पिऊन ती निळसर काळी झाली होती. मला तो मळ वाटला. घासायची पूड, लिंबू, तारेची घासणी, काही म्हणून सोडलं नाही. तासाभरात आरशासारखी लखलखली. इतकी खूश झाले की तुमच्या बंधुराजांना दाखवायला नेली.

त्यांचा चेहरा पडला. "अगं, काय केलंस हे? लहानपणापासून ऐकतोय, तांबडा गंज खातो आणि काळा राखतो. तो काळा थर होता, मळ नव्हे. वर्षानुवर्षं धरतो तो."

"मग मला कोणी सांगितलं नाही ते?"

"तू ऐकत होतीस का कधी?"

मी काळी मुकाट कपाटात ठेवून आले. आम्ही दोघं वादळाची वाट बघत बसलो. सकाळी आईंनी कपाट उघडलं. काळी काढली, खिडकीपाशी नेली, नेहमीसारखी उजेडात धरली, पुसली, तेल लावलं, ठेवली. काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तुमचा भाऊ म्हणाला, "आई मवाळ झाली." निवांत झोपला. मी मात्र जागीच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काळीनं सफरचंद कापलं. पहिली फोड तोंडात घातली आणि थांबल्या. फोड बाहेर काढली, सुरी नाकाशी नेली.

"हिला कोणी घासलं?"

ताई, ती सुरी इतकी चमकत होती की खिडकीचे गज तिच्यात मोजता आले असते. दोन सकाळी त्यांनी ती डोळ्यांसमोर उजेडात धरली होती. आणि कळलं कशानं, तर लोखंडाची चव आली त्यानं.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. विचारलं, "आई, तुम्हाला दिसतं किती?"

"भरपूर. दार दिसतं, खिडकी दिसते, कपाट दिसतं."

"आणि मी?"

त्यांनी सुरी पुसून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "कडेकडेचं दिसतं. मधलंच तेवढं गेलंय. जिकडे बघावं तेच पुसलेलं. तुझं तोंड सोडून बाकी सगळं दिसतं बघ. त्यात काय एवढं नुकसान?"

मी हसले. मग हसणं थांबवता येईना आणि ते हसणं राहिलं नाही. आईंनी हात पुढे केला, तो माझ्या खांद्याऐवजी कानावर आला. "पुरे," म्हणाल्या, "सफरचंदाचं काय ते वाईट वाटून घे. ती फोड फुकट गेली."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं मधलं परत येणार नाही, कडा बहुधा टिकतील. पत्र्याचा डबा उघडायला झाकणाची कड नेमकी दिसावी लागते. सुरीला तसं नाही, सुरीची कड आई बोटांनी बघतात. म्हणून झाकण लपवलं आणि आळ सुरीवर घातला. सुरीनं कापलं तर कोणीही नुसतं रागावेल, झाकणानं कापलं म्हटल्यावर मात्र विचार करायला लागेल, हा त्यांचा हिशेब. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "ताईला बोलायचं नाही. तिला कळलं की आज कपाट रिकामं आणि उद्या मी खुर्चीत. हात मांडीवर ठेवून." मी वचन वगैरे दिलं नाही. पण सांगितलंही नाही, इतके दिवस.

तुम्ही आता म्हणाल, मग तर सुऱ्या आजच बाहेर काढ. तुमचे बंधुराजही तेच म्हणाले. त्यांच्याशी भांडून माझा घसा बसलाय. आंधळ्या बाईच्या हातात सुरी, असं ते म्हणाले. मी म्हटलं, डोळस बाईच्या हाती दिलीत तेव्हा काय दिवे लागले?

आता आम्ही दोघी मिळून करतो. सकाळची भांडी झाली की टेबलावर जुनी चादर. मी बघायचं, त्यांनी चाचपायचं. ठिपका कुठे आहे ते मी सांगते. पात्याला कुठे खाच पडलीय ते त्या अंगठ्याचं नख आडवं फिरवून सांगतात, आणि मी डोळे फाडून बघितलं तरी मला ती दिसत नाही. धार लावताना दगडावरचा आवाज ऐकून मला थांबवतात. कसं थांबवतात तेही ऐका. "तेल लावतेस की तळतेस?" "हलक्या हातानं, तिनं तुझं काय घोडं मारलंय?" काल मुठीला जवसाचं तेल जास्त झालं तर माझ्या आईनं मला काय शिकवलं इथपर्यंत गाडी गेली. मी फडकं आपटून उठले. दारापर्यंत गेले, परत आले. ठिपका राहिला असता ना.

रोज तेच, ताई. डोकं उठतं. पण बोलतात. दगडावर हात चालू असला की वसतिगृहातल्या मुलींचं, बाबांचं, तुमच्या लहानपणीचं. मोकळ्या हातांनी बसल्या की भिंतीकडे तोंड करून बसतात आणि विचारलं तर "काही नाही" एवढंच. मी दोन्ही बघितलंय. तुम्ही फक्त पट्टी बघितलीत.

तेव्हा आता मुख्य गोष्ट. त्या व्यापाऱ्याला मी काल फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. तुम्हाला न विचारता. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तुमच्या भावाला त्यातलं आजच कळेल.

आणि हे पत्र आईंना वाचून दाखवलं. त्यांच्याबद्दल त्यांच्याच मागे लिहिणं बरं वाटेना. डोळ्यांचं आलं तिथे त्या बराच वेळ चादरीची किनार चाचपत राहिल्या. मला वाटलं, फाड म्हणतील. म्हणाल्या, "ठेव. पण 'आंधळी' हा शब्द माझ्या लेकाचा आहे हे नीट कळतंय ना?" मग म्हणाल्या, "आणि काळी पुन्हा काळी व्हायला लागलीय, ते लिहायला विसरलीस." खरं आहे. पात्याच्या टाचेपाशी, मुठीलगत, निळसर ढग आलाय. रोज एक सफरचंद कापतो, पहिली फोड लोखंडाची लागते, ती मी खाते. शिक्षाच आहे ती.

तुम्ही या. त्या रविवारीच या, एकट्या. येताना जुने सुती मोजे आणा, इथले संपले. अंगठ्याचा, डोळ्यांचा विषय काढू नका, त्या आपणहून काढतील. सफरचंद कापून देतील ते खा.

आणि आल्याबरोबर सवयीनं त्यांच्या समोर बसाल, तेवढं करू नका. कडेला बसा. तिथे तुम्ही त्यांना दिसाल.

त्यांच्या उजव्या कडेची खुर्ची तुमच्यासाठी सोडून
डावीकडे बसलेली,
तुमची भावजय