भाकरीचे काठ

बाबा, उद्या सकाळी चर्चच्या पंचांची बैठक आहे. ज्या घरात तुम्ही पाळक म्हणून राहिलात, त्याच घरात मी पाळक म्हणून अजून किती दिवस राहणार, हे तिथं ठरेल. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलायला तुम्हीच आठवलात.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाट मांडून बसायचात, रविवारी येशूच्या आठवणीनं चर्चमध्ये वाटायच्या प्रभुभोजनाचा पाव कापायला. आधी चारी बाजूंचे काठ काढायचे, मग आतल्या पांढऱ्याशुभ्र भागाचे सारखे तुकडे. एकदा मी हळूच एक तुकडा उचलला, तर हातावर फटका बसला. "हे खायचं नसतं, घ्यायचं असतं," म्हणालात. मी मुसमुसत बसले. मग तुम्ही काठ वाटीत घालून वर दूध ओतलंत आणि वाटी माझ्यापुढे सरकवलीत. काठ माझे, पांढरा भाग देवाचा, ही वाटणी तेव्हाच डोक्यात पक्की बसली.

सध्या देवळाली प्रवरेच्या बाजूला ऊसतोडीला पाथर्डीकडची माणसं आली आहेत. त्यातली काही कुटुंबं आपल्या मंडळीतली. रविवारीही तोड चालूच, मग त्यांनी चर्चला यायचं कधी? म्हणून मीच संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाते. उसाच्या पाचटावर आम्ही गोल बसतो. माझा उपदेश थोडा, प्रार्थना ज्याची त्यानं करायची, कुणी कोयता लागलेल्या बोटासाठी, कुणी गावी ठेवलेल्या लेकरासाठी. तिथं प्रभुभोजन करायचं ठरलं, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "पाव कशाला आनता बाई? पाव आमी आजारी पडल्यावर खातो. भाकर हाय की." मला पटलं. पंचांना नाही पटलं. त्यांच्यातले थोरले काका, तुमच्याच हाताखाली तयार झालेले, दारातूनच म्हणाले, "भाकरीचं प्रभुभोजन? तुझ्या बापाला तरी चाललं असतं का हे? वरती कळवावं लागंल." मला फार राग आला, त्यांचा आणि तुमचाही.

तरी आज गेले. काकाही आले, पावाचा पुडा घेऊन, आणि तोंड फुगवून कडेला उभे राहिले. म्हातारीनं तव्यावरची बाजरीची भाकरी माझ्या हातात दिली. सगळे माझ्याकडे बघतायत. मी प्रार्थना करते, आणि भाकरी मोडायच्या आधी माझी बोटं आपसूक तिचे करपलेले काठ काढून ताटाच्या कडेला ठेवू लागतात.

"अवो बाई, काठ कशाला काढताय? त्योच तर लई गोड लागतो," म्हातारी म्हणाली. पोरं हसली. माझे हात तिथंच थांबले. तेवढ्यात काका पुढे आले, गुडघे धरत खाली बसले, ताटातला एक काठ उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. पावाचा पुडा काखेत तसाच.

काका उद्या काय बोलतील, मला ठाऊक नाही. मी भाकरीच्या बाजूनं भांडणार आहे, घर गेलं तरी. पण एक गोष्ट बैठकीत सांगणार नाही, आणि हा कागदही लिहून झाला की फाडून टाकीन. काठ काढताना मला खरंच वाटत होतं, बाबा, की हे काठ देवाला चालणार नाहीत.